रंग ठरेना

ठाण्यात बाळकुमला आमच्या शेजारच्या बिल्डिंगखाली एक काका दर रविवारी आपली उघड्या टपाची जुनी मोटार घासत बसायचे. पत्र्यावर पॉलिश पेपर फिरवायचे, फुंकर मारायचे, मग ताप बघावा तसा तळहात टेकवायचे. पोचे कधीच निघाले होते. गाडी मात्र वर्षभर प्रायमरमध्येच, राखाडी. शेवटी माझाच धीर सुटला.

"काका, रंग कधी मारताय?"

"मला लाल हवा होता, आमच्या हिला मोरपंखी. रोज भांडायचो." त्यांनी पेपर पाण्यात बुडवला. "आता लाल मारला तर अडवणारं कुणी नाही. आणि मोरपंखी मारला, तर 'ऐकलंत ना शेवटी माझं?' म्हणणारं कुणी नाही."

मग काकू बसायच्या त्या बाजूचं, आधीच गुळगुळीत झालेलं दार ते पुन्हा घासायला लागले.