राजूर घाटात मान हलवणारी गाडी

उकंडरावची ही हकिगत मी किती जणांना सांगितली असेल त्याला गणती नाही. सांगताना आता हसू येतं. त्या दिवशी मात्र राजूर घाटाच्या पायथ्याशी उभं राहून माझ्या अंगाला असा घाम सुटला होता की सदरा पिळून काढावा.

आधी माणूस कसा ते सांगतो. उकंडराव माझा शेजारी, चौथीपर्यंतचा शाळासोबती. त्याच्याआधीची तीन भावंडं दगावली, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवलं, उचलून आणलं आणि नाव पाडलं उकंड. अशा जपून वाढवलेल्या पोराच्या हाडात भीती मुरते. विहिरीत डोकावायचा नाही, मारक्या बैलाच्या वाटेला जायचा नाही. हात मात्र कसबी. गावातली कोणतीही बंडी, म्हणजे बैलगाडी, कुरकुरली की लोक सुताराआधी उकंडरावला हाक मारत.

असल्या भित्र्या माणसानं मोटरसायकल घेतली ती बायकोपायी. महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. कौशल्याबाईच्या छातीत दुखणं निघालं. बुलडाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, तीन महिने दिवसाआड टोचणी घ्यायची, मधे खंड पडला तर पुढं औषध लागू पडणार नाही. क्षयाच्या माणसाला बुलडाण्यात कोण खोली देणार? एसटी पकडायची तर राजूरपर्यंत चार मैल पायी, आणि बाई दहा पावलांवर धापा टाकायची. उकंडरावनं कापसाच्या पैशातून एका ठेकेदाराची जुनी गाडी घेतली, माळावर आठ दिवस पडत-झडत शिकला आणि बायकोला मागं बसवून घाट चढू-उतरू लागला.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग एकदा परत येताना, घाटाच्या उतारावर, हँडल आपोआप हलायला लागलं. आधी थोडं, मग मारका बैल शिंगं झाडतो तसं, या बाजूनं त्या बाजूला. उकंडराव जितकं घट्ट धरी तितकं ते जास्तच झटके मारी. एका अंगाला दरी. तो मागं ओरडला, "हलू नको व!" ती बिचारी दगडासारखी बसली होती. शेवटी गाडी थांबवून त्यानं तिला पायी उतरवलं आणि स्वतः गाडी ढकलत मागून आला. खालच्या वळणावर तिला असा खोकला आला की पदराला रक्त लागलं.

पुढच्या खेपेला तेच. मग उकंडरावनं किक मारणंच सोडलं. दोन टोचण्या चुकल्या. गाडी काढली तर दरीत जाऊ ही भीती, नाही काढली तर बायको जाईल ही भीती. अंगणात गाडीसमोर उकिडवा बसून राहायचा, भाकर पुढ्यात तशीच.

मोताळ्याच्या मिस्त्रीनं टायर बदलून दिला. हँडल नव्या टायरावरही हललं. खामगावच्या एका दुकानदारानं गाडीवर न बसताच सांगितलं की सांगाडा वाकडा आहे, महिनाभर ठेवून जा. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, घाटातलं ते वळणच वाईट, लिंबू बांध. तेही बांधलं. हँडलाबरोबर लिंबू हललं, एवढाच फरक.

राजूरच्या हॉटेलात एक एसटीचा ड्रायव्हर मला म्हणाला, "चिखलीच्या जोश्याच्या पोराकडं जा. कधी कधी कामाले नाई म्हणते, पण खोटं बोलत नाई."

तो पोरगा म्हणजे लक्ष्मीकांत. बाप पूजा सांगायचा आणि हा दिवसभर कोपरापर्यंत काळा. गाव त्याला सोवळ्यातला मिस्त्री म्हणून चिडवी, आणि आपली गाडी गुपचूप त्याच्याकडेच आणी. आम्ही दोघं बैलाच्या चालीनं गाडी घेऊन त्याच्याकडं पोचलो.

त्यानं पाना हातात घेतला नाही. आधी विचारत बसला. किती वेगात हलतं? चढावर की उतारावर? मागं माणूस असताना जास्त की एकटं असताना? मग गाडी उभी करून पुढचं चाक धरून हलवलं, हँडल फिरवून पाहिलं. काही नाही. मागं जाऊन बसला, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं रेटलं. टक्क असा आवाज झाला. हलत होतं हँडल, पण दुखणं निघालं मागं.

त्यानं खाली वाकून चाकापुढचा एक मोठा बोल्ट पाहिला, त्याच्यावरचं काळं वंगण बोटावर घेतलं, वास घेतला. एरंडेलाचा.

"याला हात कोणी लावला?"

"कोणीच नाई, महाराज," उकंडराव म्हणाला.

लक्ष्मीकांत उठला, चिंधीला हात पुसले. "मग मीही लावत नाही. घेऊन जा. या गाडीवर तुमची बाई बसणार. खोटं ऐकून मी तिला घाटात पाठवणार नाही."

मी उकंडरावकडं पाहिलं. तोंड असं उतरलं होतं की चोर बरा.

"म्या ढिला केला," तो म्हणाला. "कुरकुरत होता. बंडीच्या चाकाले आखावर बोटभर खेळ नसला तं आख जळते. म्हणून दोन आटे सोडले, बंडीचं वंगण घातलं."

मला वाटलं आता लक्ष्मीकांत हसणार. तो हसला नाही. म्हणाला, "बंडीचं बरोबर आहे तुमचं. पण हा चाकाचा बोल्टच नाही. चाक ज्या चिमट्यात बसतं, तो चिमटा हा धरून ठेवतो. चिमटा ढिला झाला की पुढचं चाक एक वाट धरतं आणि मागचं दुसरी."

ढिलेपणानं बोल्टाखालची पितळी नळी झिजली होती. त्यानं एका मोडक्या गाडीतली चांगली नळी काढून बसवली, बोल्ट आवळला, चाक पुन्हा रेटून दाखवलं. आवाज नाही. उकंडरावला रेटायला लावलं, मला लावलं. तरी उकंडराव गाडीवर बसेना. तीनदा विचारलं, पक्कं ना, महाराज? लक्ष्मीकांतनं हात धुतले. सदरा चढवला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

"चला. घाट उतरेपर्यंत मी मागं आहे. येताना एसटीनं येईन."

मी त्यांच्या आधी एसटीनं निघून घाटाखाली उतरलो. चहा घेतला, प्यायला जाईना. बऱ्याच वेळानं वरून इंजिनाचा आवाज आला, वळणावळणानं खाली येऊ लागला, आणि मधेच बंद पडला. मी उभा राहिलो. वर डोंगर तसाच शांत. दगड घसरल्याचा आवाज येतो का ऐकत होतो. कौशल्याबाईला काय सांगायचं, त्या ब्राह्मणाच्या आईला काय सांगायचं, सगळं मनात येऊन गेलं. वर पळत सुटणार तेवढ्यात किक बसली. शेवटच्या वळणावरून दोघं दिसले. हँडल सरळ.

झालं होतं असं की त्या वाईट वळणावर उकंडरावनं ब्रेक दाबून इंजिन बंद केलं. गाडी उभी करून तो महाराजांना उतरा म्हणाला. लक्ष्मीकांत उतरला नाही, नुसता मागं बसून राहिला. शेवटी लाजेकाजेनं यानं किक मारली.

लक्ष्मीकांतनं उतरल्याबरोबर माझा निवलेला चहा उचलून एका दमात पिऊन टाकला. मी विचारलं, भ्यालात का?

"भ्यालो की. बोल्टाला नाही, यांच्या हाताला."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडरावनं गाडी दारात लावली आणि बायकोला खरं काय ते सांगितलं.

"मंग माह्यावर काऊन ओरडत होता?"

तो सीट पुसू लागला. तिनं डोक्यावरचा पदर कमरेला खोचला, मागं बसली आणि त्याचा खांदा धरला. "चला. उशीर झाला तं डॉक्टर जेवाले निघून जाते."

घाट लागला की तो वीस मैलांवर काटा जाऊ देत नसे, आणि त्या वळणावर रोज विचारी, भेव वाटते का? ती रोज हाव, म्हणजे होय, म्हणे आणि खांदा आवळून धरी. डॉक्टरनं चुकलेल्या दोन टोचण्या शेवटी वाढवून दिल्या. त्याही तिनं घेतल्या.