वसुधाताईंचा जोळ

वसुधाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या पोपटीच्या दिवशी. जिते स्टेशनावरून खाडीकडं चालत आलं की आमचं गाव. शेतात शेंगा-बटाटे भरून मडकं उलटं लावलं होतं, वर पेंढा पेटवला होता, आणि सगळे भोवती उभे. ताई बांधावरून चालत आल्या, चपला हातात धरून. मोठं माणूस येणार म्हणून दामूकाकांनी शाळेतून खुर्ची आणवली होती. ताईंनी खुर्चीवर आपली पर्स ठेवली आणि स्वतः आमच्यात पेंढ्यावर बसल्या.

दामूकाका माझे सख्खे काका, आणि आमच्या खाराच्या जोळाचे मुख्य. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून आमच्याकडं मातीचा लांब बांध हाय. तो राखायला सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून जायचं, त्याला जोळ म्हणतात. बांध फुटला की ज्याचं शेत लांब हाय त्यानंसुद्धा मातीची पाटी घेऊन यायचं. त्या वर्षी बांध जाम खराब झाला होता आणि आमच्या मातीनं भागत नव्हतं. म्हणून ताईंचं ऑफिस आमच्या गावात आलं होतं.

काकांनी सरळ विचारलं, "मॅडम, तुमचं हापिस म्हंजे नक्की काय? कंपनी हाय का सरकार?"

"दोन्ही नाही," ताई म्हणाल्या. "बाहेरचे काही देश गरजेच्या गावांसाठी मदत देतात. प्रत्येकानं वेगवेगळी दिली तर प्रत्येकाची अट वेगळी, मर्जी वेगळी. म्हणून ते सगळे एकाच भांड्यात टाकतात. ते भांडं आमचं ऑफिस सांभाळतं. इथं तुमच्याकडे, तसं बांगलादेशात, तसं आफ्रिकेत. ही तुमची पोपटीच समजा. कुणी शेंगा आणल्या, कुणी बटाटे, कुणी अंडी. मडकं उघडल्यावर कुणी विचारतं का, यातलं माझं कुठलं?"

"विचारतो की!" काका म्हणाले. "हा पांडू दरसाल विचारतो. अंडी माझी व्हती म्हनतो!"

सगळे हसले. पांडू म्हणजे माझे बाबा. बाबांनी मान खाली घातली. ताई पण हसल्या, पण बाबांना म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. आमच्या भांड्याजवळ पण एखादा पांडू असतोच."

ताईंच्या साठीच्या ह्या पुस्तकात त्यांच्याबद्दल मोठी मोठी माणसं लिहिणार हायत. परदेशातल्या त्यांच्या ऑफिसांबद्दल, तिथल्या बैठकांबद्दल त्यांनी लिहावं, मला त्यातलं काय ठाऊक नाय. मी नववीत शाळा सोडली, सीझनला पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवते. पुस्तकाच्या समितीच्या सरांनी सांगितलं, बोलतेस तसं लिही. तशी मी बोलते पण कमीच. पण आमच्या बांधावर ताई कशा वागल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तेवढं लिहिते.

ताईंच्या बैठकीची एक पद्धत हाय. त्या पहिला प्रश्न पुढच्या माणसाला विचारत नायत, दाराजवळच्या माणसाला विचारतात. दाराजवळ आमच्या बायका असतात आणि त्यांच्या मागं मी. पहिल्या बैठकीत त्यांनी मला विचारलं, "तुमचं शेत कुठल्या बाजूला?" माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. काकी म्हणाली, "बोल गो, मॅडम विचारतायत." ताईंनी काकीला हातानं थांबवलं. "घाई नाही. हातानं दाखवलं तरी चालेल." मी खिडकीतून उघाडीकडं बोट केलं. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं दार. त्याच्या शेजारीच बांध सगळ्यात कच्चा, आणि त्याच्या मागं आमचं शेत. तिथं फुटला असता तर पहिलं आमचं भात गेलं असतं. खारं पाणी एकदा शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत काय पिकत नाय.

उन्हाळ्यात बातमी आली की एका देशाचे साहेब बांध बघायला येणार. ताई तेव्हा दिल्लीला होत्या. काका जाम खूश. ते पेणला गेले आणि फ्लेक्स करून घेऊन आले. ज्या ज्या देशानं मदत टाकली त्या त्या देशाच्या नावाचा एकेक फ्लेक्स. बांधाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर एकेक नाव ठोकलं.

काकांचं मन वाईट नव्हतं. आमच्याकडं लग्नात आहेर केला की माईकवर नाव पुकारतात, अमक्या अमक्याकडून पातेलं. नाव नाय पुकारलं तर माणूस रुसतो. काका म्हणाले, "पातेल्याचं नाव पुकारतो, मग एवढ्या मोठ्या देशाचं नको?"

फ्लेक्स संपले आणि बांध उरला. उघाडीजवळचा, आमच्या शेतापुढचा. बाबा तिथं उभे राहून म्हणाले, "घ्या, आपल्या वाट्याला देशच नाय आला."

साहेब आले तेव्हा ताई सोबत होत्या. त्यांनी फ्लेक्स वाचले आणि तशाच पुढं गेल्या. साहेबांना मात्र ते जाम आवडले. आपल्या देशाच्या तुकड्यावर उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतले. मग ताईंना इंग्रजीत बरंच काय काय बोलले.

ताईंचा एक स्वभाव मला तिथं कळला. पाहुणा बोलला ते त्या गोड करून सांगत नायत. त्या आमच्याकडं वळून म्हणाल्या, "साहेब म्हणतात, ही कल्पना छान आहे. पुढच्या वेळेपासून ते एकत्र भांड्यात टाकणार नाहीत. फक्त स्वतःचा तुकडा बांधून देतील, नावासकट."

काकांचं तोंड उतरलं. "हा साहेब पांडू निघाला," ते हळूच म्हणाले. कुणी हसलं नाय. आमच्या घरातलं तर कुणीच नाय.

ताई चालायला लागल्या, बांधावरून थेट उघाडीकडं. मागून साहेब, मागून आम्ही. मी तेव्हा बैठकीत बोट केलं होतं तिथंच येऊन त्या थांबल्या. बांधावरची माती पायाखाली ढासळत होती. तिथून त्यांनी विचारलं, "दामूकाका, जोळात कुणी म्हणालं की मी फक्त माझ्या शेतापुढं माती टाकणार, तर तुम्ही काय करता?"

काका म्हणाले, "त्याला सांगतो, बाबा, तू घरी जा. पाटी हितं ठेवून जा."

ताईंनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब मोठ्यानं हसले. मग पायाखालची माती बघून मागं सरकले. म्हणाले, मला घरच्यांना, म्हणजे त्यांच्या सरकारला, विचारावं लागेल. ताईंनी त्यांना शांतपणे काहीतरी सांगितलं आणि लगेच आम्हालाही सांगितलं, "मी म्हटलं, विचारा. नको असेल तर तुमचा वाटा मानानं परत करू. पण बांधाचे तुकडे मी करणार नाही."

साहेबांची गाडी गेली तसे काका घाबरले. "ताई, कशाला दुखावलंत? येतील तसे तुकडे घेतले असते."

"काका, आज यांनी तुकडा घेतला की उद्या बाकीचेही तुकडाच मागतील. सगळे फोटोला बऱ्या दिसणाऱ्या जागा घेतील." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हिच्या शेतापुढचा तुकडा कोण घेणार?"

 आमच्यासाठी एवढ्या मोठ्या देशापुढं कुणी अडून राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या देशाचं उत्तर येईना. ताई थांबल्या नायत. भांड्यात बाकीच्यांचं जे होतं त्यावर काम सुरू केलं, आणि ते उघाडीपासून, सगळ्यात कच्च्या जागेपासून. उरलं ते जोळानं केलं. डोलवीला कंपनीत जाणारी आमची पोरं शिफ्ट सुटली की डबा ठेवून पाटी उचलायची. ताई रोह्याहून सकाळच्या गाडीनं यायच्या, पेणच्या ऑफिसात जायच्या आधी बांधावर. आषाढाच्या उधाणाला अख्खा गाव बांधावर उभा होता. पाणी बांधाच्या कडेला टेकलं, तिथंच घुटमळलं आणि ओहोटीला उतरलं. बाबा शेतात गेले, वाकून पाणी चाखलं आणि ओरडले, "गोडं हाय! गोडं हाय गो!"

श्रावणात त्या देशाचं उत्तर आलं. ते भांड्यातच राहिले. काकांनी फ्लेक्स आधीच काढले होते. फाडायला जीव होईना म्हणून गोठ्यावर घातले. पावसात आमच्या म्हशी परदेशाखाली उभ्या असतात.

एक माझं स्वतःचं सांगते. मला भेटणारा प्रत्येक जण विचारतो, शाळा का सोडली? ताईंनी कधी विचारलं नाय. कारखान्यात आल्या की रंगाच्या डब्यावर बसतात, मी मूर्तीचे डोळे आखत असले तर ब्रश उचलेपर्यंत बोलत नायत. एकदा मीच म्हटलं, "ताई, शाळेत न जाता दहावी होते का?" त्या म्हणाल्या, "होते. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा." दुसऱ्या खेपेला फॉर्म घेऊन आल्या. भर म्हणाल्या नायत, रंगाच्या डब्यांजवळ ठेवला आणि चहा पिऊन गेल्या. मी भरलाय.

ताई, तुम्हाला साठ वर्षं झाली असं सगळे म्हणतात. बांधावर तुम्ही आमच्या पुढं चालता, त्यामुळं मला ते खरं वाटत नाय. तुमची तब्येत अशीच राहो. आमच्याकडं ज्याच्यावर जीव असतो त्याला म्हणतात, माझं आयुष्य तुम्हाला लागो. पण तुम्ही एकट्याचं घेणार नाय, हे मला माहीत हाय. म्हणून असं समजा की ह्या पुस्तकात लिहिणाऱ्यांनी आणि आमच्या अख्ख्या जोळानं आपापल्यातलं थोडं थोडं एकाच मडक्यात टाकलंय. कुणी किती टाकलं ते विचारू नका. वर कुणाचंच नाव नाय.

हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "खाली लिही, माझं पन हाय त्यात. या वेळी मी विचारनार नाय."