चारशे चाळीसची बेरीज

ओझेली कोर्मिएला मी खरं तर फारसं ओळखत नव्हतो. घरी कोण असतं, हेही कधी विचारलं नाही. जे आठवतंय त्यातलंही निम्मं मी मनाशी घोळवून गुळगुळीत केलं असेल.

नदीकाठच्या आमच्या छोट्या कॉलेजात मी प्रयोगशाळेचं सामान सांभाळायचो. ओझेली सेहेचाळीस वर्षांची. पहाटे ट्राउट माशांच्या उबवणी केंद्रात राबून दहाला वर्गात यायची, अंगाला नदीचा वास घेऊन. केंद्राचे प्रमुख जानेवारीत निवृत्त होणार होते. ती जागा तिला मिळाली असती, पण जीवशास्त्राच्या पदवीतला कॅलक्युलसचा पेपर दोनदा राहिलेला. डिसेंबरची परीक्षा ही शेवटची संधी.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी ती माझ्या तराजूच्या खोलीत येऊन बसली. डब्यात कुट्टूचे घावन, काकवी लावलेले.

"अहो एडगर, सर म्हणतात रेषेखालचं क्षेत्रफळ काढा. रेषेखाली काय असतं? कागद!"

"मग कागदच कापा," मी म्हणालो. पूर्वी प्रयोगशाळेत तसंच करायचे. रेषेवरून कागद कापायचा, तोलायचा आणि क्षेत्रफळ ठाऊक असलेल्या चौकोनी तुकड्याच्या वजनाशी ताडून पाहायचा.

"थट्टा करताय म्हातारपणी?"

"मला थट्टा येत नाही."

तिनं माझी कात्री उचलली. तिच्या गृहपाठातला आलेख पाण्याच्या तापमानाचा होता, दिवसांवर काढलेला. कापता कापता ती थांबली. बाहेर बर्फ इतकं सावकाश पडत होतं, की ते खाली येतंय की वर चाललंय, कळेना.

"अहो, हे तर आमचं अंड्यांचं गणित! रोज सकाळी पाण्याचे अंश पाटीवर लिहायचे, मागच्या बेरजेत मिळवायचे. चारशे चाळीसच्या आसपास गेलं की अंडी फुटतात. वीस वर्षं हेच करतेय मी!"

"मग येतंच की तुम्हाला."

"पण मी मोजते दिवसातून एकदा. दुपारचं ऊन हिशोबातून निसटतं. तासाला मोजलं तर?" तिनं कागदाच्या उभ्या पट्ट्या कापल्या. मग त्याहून अरुंद. "मिनिटाला? आणि एडगर, क्षणाक्षणाला मोजलं तर?"

पट्ट्या टेबलावर वाहत्या पाण्यासारख्या पसरल्या होत्या. त्यांच्याखाली, कुठंतरी अंधारात, हजारो अंडी ऊब साठवत पडली आहेत, असं मला उगीच वाटत राहिलं.

सूत्रं तिला त्यानंतरही छळत राहिली. पण ती कशासाठी आहेत, हे आता तिला ठाऊक होतं. कात्री तिनं अभ्यासाला नेली.

नाताळच्या आधी ती कात्री परत द्यायला आली. टोपीवर बर्फ तसंच.

"एकसष्ट!"

"पास कितीला?"

"साठला. एक गुण फुकटच गेला."

जानेवारीत ती प्रमुख म्हणून नदीच्या वरच्या अंगाला, केंद्रातच राहायला गेली. पुन्हा आमची भेट झाली नाही. कात्री द्यायला आली त्या दिवशी ती दारातून निघताना, काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "आज पाटीवर किती?"

"दोनशे बारा."

"म्हणजे अर्ध्यावर आलं."

"अजून नाही. दार लावून घ्या, एडगर, थंडी आत येतेय."