येसराची लिंक

लग्नानंतर परभणीत घरी बसून करता येईल असं काम मी शोधत होते, तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं मला लिंका मिळवायचं काम दिलं. कंपनीचं एक गिऱ्हाईक येसर, मेतकूट, काळा मसाला ऑनलाइन विकायचं. स्वयंपाकावर लिहिणाऱ्या चांगल्या वेबसाइटनी त्या दुकानाची लिंक दिली, की इंटरनेटवर शोधणाऱ्यांना ते वर दिसायचं. अशा वेबसाइट हुडकून त्यांना मेल लिहायचा, हे माझं काम. बहुतेक ठिकाणी नुसत्या जाहिराती. लिहिणारं माणूस कोण, तेही कळायचं नाही. त्या मी सोडून द्यायचे.

एका दुपारी एक साधीच वेबसाइट सापडली. कॅनडात राहणारी एक बाई आपल्याकडच्या जेवणावर लिहीत होती. येसराच्या आमटीबद्दल तिनं लिहिलं होतं, ‘इथं सगळं मिळतं, पण धान्य भाजताना घरभर सुटायचा तो वास काही येत नाही.’ खाली बायकांनी आपापल्या आयांच्या आठवणी लिहिल्या होत्या आणि तिनं प्रत्येकीला उत्तर दिलं होतं. परभणीहून लिहितेय असं सांगून मी लगेच मेल केला.

उत्तरात लिंकेचा विषयच नव्हता. ‘परभणीत कुठं राहता? माझं लहानपण येलदरीला गेलं. वडील धरणावरच्या वीजकेंद्रात होते. धरणाची दारं उघडली की पाण्याचा आवाज आमच्या क्वार्टरपर्यंत यायचा. अजून येतो का?’

जिंतूरच्या पुढं, इतकं जवळ असून मी येलदरी पाहिलंच नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, "रविवारी येलदरीला जाऊ."

"काय हाय तिथं?"

"एका बाईला पाण्याचा आवाज पाठवायचाय."

तो हसला, पण गाडी काढली.

त्या वर्षी धरण भरलं होतं आणि पाणी सोडलेलं होतं. लांबूनच घुमायला लागलं. मी मोबाइल पुढं धरून उभी राहिले, तर मासे विकणारी एक म्हातारी जवळ आली.

"कशाचा फोटू काढायलीस, बाई?"

"फोटू न्हाई मावशी, आवाज घ्यायलेय."

"आवाज? आन् मासळी न्हाई न्यायची?"

मासळीही घेतली. घरी येऊन आवाज पाठवला. या वेळी तिनं लिहिलं नाही, बोलून पाठवलं. "लय बरं वाटलं गं. गॅस बंद करून तिथंच बसले ऐकत."

लिंक तिनं न मागता लावली. कंपनीतले साहेब खूश झाले. माझं काम संपलं, पण मेल चालू राहिले. ती बोरांचं, हुरड्याचं विचारायची. मी तिला तिथल्या बर्फाचं विचारायचे, तिच्या एकटीनं गाडी चालवण्याचं, खिडकीजवळच्या लिहायच्या टेबलाचं. मला तसं टेबल हवंसं वाटायला लागलं होतं.

‘यंदा हुरड्याला येते,’ तिनं लिहिलं.

"ताई, आमच्याकडंच उतरा," मी लगेच बोलून पाठवलं. तिच्यासाठी आतली खोली रिकामी केली, नवी चादर आणली. मग मेल आला, ‘जमत नाही गं. यांचं ऑपरेशन निघालंय.’

त्यानंतर तिचं लिहिणं थांबलं. संक्रांतीला मी मेल केला, तर ‘बरे आहोत’ एवढंच आलं. पुढं खोदून विचारायचा धीर झाला नाही. नंतर पुष्कळ लिंका मिळाल्या, पण लिंक सोडून माझी चौकशी कुणी केली नाही.

थंडी पडली की वाटतं, ती परभणी स्टेशनावर उतरेल. तिचा चेहराही मला ठाऊक नाही. तरी गर्दीतून ती नेमकी माझ्याकडंच चालत येईल, असं वाटत राहतं.