अनुराधापुरात चौदा जणांची जागा

अनुराधापूर स्टेशनाबाहेर मी चौदा माणसं आणि सामानाचे एकवीस डाग घेऊन उभा होतो. हातात खोली एकही नव्हती.

सकाळचे सात वाजले असतील. जिकडे बघाल तिकडे पांढऱ्या कपड्यातली माणसं. लॉरीतून उतरणारी, झाडाखाली चटया टाकून बसलेली, तीन दगडांवर भात शिजवणारी. मी नाशिकचा माणूस. गर्दी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, दर बारा वर्षांनी ती आमच्या दारात येते. त्यामुळे बघताक्षणी कळलं. ही रोजची गर्दी नाही. इथं मोठा सण आहे आणि आपण बरोब्बर त्यात येऊन पडलोय.

साळवे साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, नाशिकरोडचे. ग्रुपमधले सगळ्यात शिकलेले आणि सगळ्यात तक्रारखोर.

"रामभाऊ, तुम्ही म्हणाला होतात शहर रिकामं असेल."

"म्हणालो होतो."

"मग ही मंडळी आपल्या स्वागताला आलीत का?"

मी डाग पुन्हा मोजायला लागलो.

हे कसं झालं ते सांगतो. माझं शिक्षण चौथी. यात्रेच्या बसवर आचारी म्हणून लागलो, काशी-रामेश्वर करत करत धंदा शिकलो आणि पुढे रविवार कारंज्याजवळ एका जिन्याखाली स्वतःचं टेबल टाकलं. ते साल अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी असेल. तेव्हा परदेश म्हणजे डॉक्टर-इंजिनिअर लोकांची गोष्ट होती. माझ्याकडे नाशिकच्या बौद्ध वसाहतींतली माणसं आली. नगरपालिकेच्या शाळेतल्या गायकवाड बाई, नोटांच्या प्रेसमधले दोन कामगार, त्यांच्या बायका, दिंडोरीकडचे एक शेतकरी नवरा-बायको, असे चौदा जण. त्यांना सिलोनला जायचं होतं. अनुराधापूरला बोधिवृक्ष आहे, बुद्ध ज्या झाडाखाली बसले त्याच झाडाची फांदी नेऊन लावलेला. तो बघायचा होता.

मी बौद्ध नाही. पण पैसे साठवून देवदर्शनाला निघालेला माणूस मला कळतो. हो म्हणालो.

पासपोर्टसाठी मुंबईच्या चकरा झाल्या. रामेश्वरहून बोट, पलीकडे उतरून रेल्वे, हे ठरलं. खरी अडचण राहण्याची. परदेशी चलन सरकार अगदी बेताचं द्यायचं. गोऱ्या लोकांच्या हॉटेलात उतरलो असतो तर दोन दिवसांत झोळी रिकामी. म्हणून मी तिथल्या विश्रामशाळा शोधल्या. विश्रामशाळा म्हणजे आपल्या धर्मशाळाच. पत्रं गायकवाड बाईंनी इंग्रजीत लिहिली. उत्तर आलं, आगाऊ नोंदणी नसते, येईल त्याला जागा मिळते.

मग मी माझी हुशारी केली. आमच्या धंद्यात सीझन आणि ऑफ सीझन असतो. सण असला की गर्दी, तो सीझन. सण सरला की खोल्या ओस आणि मालक गोड बोलतो, तो ऑफ सीझन. बुद्धपौर्णिमा वैशाखात. मी म्हटलं, वैशाख जाऊ द्या, एक महिन्याने निघू. अर्ध्या दरात राजासारखे राहाल.

माझी बायको मालती. सातवी पास, नामपूरकडची. माझा सगळा पत्रव्यवहार आणि वही तिच्याकडे. घरात ती आमच्यासारखं बोलायची, पण काळजीत असली की माहेरची अहिराणी बाहेर यायची. प्रत्येक टूरच्या आधी तिचा एकच प्रश्न असायचा. "जागा शे ना हातमा?" म्हणजे जागा हातात आहे ना. त्या वेळी तिने कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही पोचणार तेव्हा वटपौर्णिमा येते. पौर्णिमा आहे, तिथंही काहीतरी असेल. विचारून घ्या."

मी हसलो. म्हटलं, "तुझी वटपौर्णिमा तिथं कोण करतं? त्यांची होऊन गेली."

"मी नुसतं विचारा म्हटलं. पत्राला काय लागतं?"

मी नाही विचारलं.

तर आता स्टेशनाबाहेर गायकवाड बाईंनी एका पोलिसाला विचारलं तेव्हा उलगडा झाला. ज्येष्ठातली पौर्णिमा ही तिथली पोसोन. बुद्धाचा धम्म त्या बेटावर याच पौर्णिमेला पोचला, आणि पोचला तो अनुराधापूरजवळच. वैशाखाचा सण देशभर वाटला जातो. ज्येष्ठातल्या सणाला अख्खा देश ह्या एका गावात येतो. पौर्णिमा तीन दिवसांवर होती.

साळवे म्हणाले, "तुम्हाला आमच्यातल्या पौर्णिमा काय कळणार."

आता मात्र मी बोललो. "साहेब, तुम्ही चौदा जण आहात. चौदातल्या एकालाही ठाऊक नव्हती."

प्रेसवाला कांबळे फिस्सकन हसला. साळवेंनी तोंड फिरवलं.

चार विश्रामशाळा पालथ्या घातल्या. व्हरांड्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नाही. अकरा वाजता साळवेंनी झाडाखाली मीटिंग घेतली. ठराव असा, की संध्याकाळच्या गाडीने कोलंबोला जायचं, तिथे कुठेतरी उतरायचं, आणि परतीच्या बोटीचा दिवस आला की घरी. बोटीची तिकिटं ठरलेली, त्यामुळे पुन्हा अनुराधापूरला यायला दिवसच उरत नव्हते. झाड लांबून कसंबसं दिसेल तेवढं बघायचं. बहुतेकांनी माना डोलावल्या. माणसं थकली होती.

भागाबाईंनी मान डोलावली नाही. भागाबाई म्हणजे गायकवाड बाईंच्या आई. सत्तरीच्या पुढच्या. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केलेली बाई. एका डोळ्याने दिसणं कधीच बंद झालं होतं, दुसऱ्यात मोतीबिंदू. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणत होते. त्या म्हणत, आधी झाड बघते. ऑपरेशनात डोळा गेला तर गेला, झाड तरी बघितलेलं राहील. लांबून बघा म्हणण्यात काही अर्थ नव्हता. त्यांना दहा हातांपलीकडचं दिसतच नव्हतं. आणि त्या रेटारेटीत त्यांना जवळ न्यायचं तर दोन-तीन दिवस मुक्काम हवा, वेळ साधायला हवी.

मी त्यांच्याजवळ बसलो. "आजी, माझी चूक झाली."

"झाली खरी," त्या म्हणाल्या. "आता काय करतो?"

"संध्याकाळपर्यंत जागा शोधतो."

"शोध. मी नाय हालत हितनं. गाडीला मला उचलून न्यावं लागंल, आन मी लय जड हाय."

हाडाची काडी होती बाई.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. नवीन गावात जागा शोधताना मी कधीही बोर्ड बघत नाही, दरपत्रक बघत नाही. मी गच्चीवरच्या चादरी बघतो. हे मला बसवर आचारी असताना सुचलं. रोज चादरी वाळत असतील तर लॉज स्वच्छ. दोरी रिकामी असेल तर एक तर मालक चादरी बदलत नाही, नाही तर खोल्या रिकाम्या आहेत. आणि ह्यातलं खरं काय ते परटाला माहीत असतं. मालक काहीही सांगेल. परटाचं गाठोडं सांगतं ते खरं.

गायकवाड बाईंना घेऊन मी तळ्याकडे गेलो. मोठं तळं आहे तिथं. काठावर परीट कपडे आपटत होते. मी एकाजवळ उकिडवा बसलो आणि बिडी पुढे केली. त्याला गेस्ट हाऊसच्या कामापुरतं मोडकं इंग्रजी येत होतं. बाईंना म्हटलं, "ह्याला विचारा, रोज येणारं कुणाचं गाठोडं ह्या आठवड्यात आलं नाही."

"रामभाऊ, खोलीचं विचारू ना सरळ?"

"खोलीचं त्याला सगळेच विचारत असतील. तुम्ही गाठोड्याचं विचारा."

बाईंनी विचारलं. परटाने एक हात वर केला आणि तळ्यामागच्या नारळांकडे दाखवला. म्हणाला, नोनाच्या घराचं. चार दिवस एक चादर नाही. पोसोनला नोना बंद.

नोना म्हणजे तिकडे मालकीणबाईला म्हणतात. घर बैठं, मोठं, लाल कौलांचं. गेटला साखळी. आत साठीची एक बाई, पांढरी साडी, दागिना एक नाही. तिने आतूनच सांगितलं, गेस्ट हाऊस बंद आहे. इंग्रजी तिचं चांगलं होतं. बाईंनी मला सांगितलं, "वर्षभर परदेशी पाहुणे ठेवतात. पोसोनला ह्या अष्टशील पाळतात, म्हणजे आठ नियमांचं व्रत. पाहुण्यांना दारू-मांस लागतं, म्हणून आठ दिवस कुणालाच घेत नाहीत. कितीही पैसे दिले तरी नाही."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, आम्हाला मांस नको, दारू नको. स्वयंपाक मी करतो. खोल्या आम्ही झाडतो. चादरीसुद्धा नकोत, सतरंज्या आहेत आमच्या."

नोनाने मान हलवली. सगळे असंच म्हणतात, ती म्हणाली.

मी बाईंना म्हटलं, "तुम्ही इथंच थांबा. बोलत राहा." आणि स्टेशनाकडे सुटलो. रिक्षा कसली, पायीच. भागाबाईंना हाताला धरून घेऊन आलो. मागोमाग सगळा ग्रुप आला, साळवेसुद्धा. आमच्या बायकांनी बोधिवृक्षासाठी पांढरी लुगडी नेसलेलीच होती. गेटपाशी आल्यावर मी भागाबाईंना म्हटलं, "आजी, तुम्ही रोज सकाळी म्हणता ते म्हणा."

"हितं? रस्त्यावर?"

"हितं."

त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. शाळेत न गेलेली बाई, पण एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आमचे बाकीचे मागून म्हणू लागले. तिसऱ्या ओळीला गेटच्या आतून आवाज आला. नोना म्हणत होती. चाल वेगळी, शब्द तेच. पंचशील संपेपर्यंत दोन्ही बाजू बरोबरीने म्हणत राहिल्या, मध्ये साखळी.

संपल्यावर नोना गेटपर्यंत आली. मग तिने साखळी काढली आणि बाईंना काहीतरी म्हणाली. बाईंनी मला सांगितलं, "त्या म्हणतात, धम्म आमच्याकडे ह्याच पौर्णिमेला तुमच्या देशातून आला. आणि आज त्या देशातली माणसं माझ्या गेटाबाहेर."

भाडं किती म्हणून मी लगेच विचारलं. धंदेवाला माणूस आहे. नोना म्हणाली, पोसोनला भाडं घेत नाही. त्या दिवसांत तिकडे दानसल घालतात, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला फुकट जेवण. तिची दानसल होती, आणि आचारी आजारी पडला होता.

मी म्हटलं, "आचारी मिळाला तुम्हाला."

तीन दिवस मी नोनाच्या अंगणात मोठ्या पातेल्यात मसालेभात केला. गोडा मसाला मालतीने बांधून दिलेला, सगळ्या टूरपुरता. पहिल्या दोन दिवसांतच संपला. आमच्या बायका द्रोण भरत होत्या, कांबळे पाणी वाढत होता. साळवे साहेब गेटवर उभे राहून इंग्रजीत सगळ्यांना सांगत होते की हा नाशिकचा भात आहे. जसा काय त्यांनीच केला होता. रांग तळ्यापर्यंत गेली होती. आयुष्यात मी पुष्कळ पंगती वाढल्या, तशी रांग पुन्हा नाही बघितली.

आणि झाड. नोनानेच वेळ सांगितली. शील घेतलेली माणसं दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून बाराच्या आधी सगळी जेवायला पांगतात. त्या तासाभरात गर्दी विरळ होते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अकरा वाजता नोना आणि मी भागाबाईंना घेऊन गेलो. झाडाभोवती सोनेरी कठडा आहे. भागाबाई त्या कठड्याला नाक लावून उभ्या राहिल्या. एक पान हलत होतं, त्याकडे एकटक बघत होत्या.

"दिसतंय का आजी?"

"हिरवं दिसतंय," त्या म्हणाल्या. "तू जरा बाजूला हो. ऊन आडवतो."

परतीच्या प्रवासात साळवेंनी माझ्याबद्दल एकही तक्रार केली नाही. पुढे त्यांनीच मला आठ ग्रुप आणून दिले. भागाबाईंचं ऑपरेशन चांगलं झालं. त्या म्हणायच्या, आता परत नेऊन आण, नीट बघते. राहून गेलं. मग तिकडे लढाई पेटली, बोट बंद झाली.

घरी आलो तेव्हा मालती दारातच होती. मनगटावर वडाचा दोरा तसाच. पहिला प्रश्न जागेचाच. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. तिने वही काढली, नोनाचा पत्ता उतरवून घेतला आणि खाली एक ओळ लिहिली.

मालती जाऊन आता दीड वर्ष झालं. वही माझ्याकडे आहे. मला वाचायला वेळ लागतो, पण तिचं अक्षर मोठं आहे. नोनाच्या पत्त्याखाली लिहिलंय: "आधी तिथला सण विचारावा. मग दर."

माझ्याकडे आजही कुणी जागेचं विचारायला आलं की मी आधी हे सांगतो आणि मग परटाचं. दोन्ही फुकट आहे. पहिलं तिचं, दुसरं माझं. तिचं जास्त उपयोगी पडतं.