कॅम्पर विकणे आहे (उत्तर दिशा टाळून)

मी बांधलेला कॅम्पर उत्तम होता. फक्त तो कुठे नेता येत नव्हता.

त्याचं असं झालं. इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला, एका बिल्डरकडून मी सामान वाहायचा जुना बंद ट्रेलर घेतला आणि आठ महिने खपून त्यात पलंग, ओटा, सिंक, कपाट असं सगळं बसवलं. ट्रेलर आमच्या ड्राइव्हवर, म्हणजे घरापुढच्या गाडी लावायच्या जागेत, उभा होता, तेव्हाच नीट दिशा बघून पलंग पक्का ठोकला. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, हे आईने लहानपणीच मनावर बिंबवलेलं. (मी इंजिनिअर आहे. पण आई ती आई.) ट्रेलरला चाकं असतात आणि तो वळतो, हे माझ्या लक्षात आलं ते थेट वेल्समधल्या कॅम्पसाइटवर.

तिथे आखून दिलेल्या जागेत ट्रेलर लावला, तर उशी बरोब्बर उत्तरेला! उलटं झोपावं तर पायथ्याशी पाण्याची टाकी, तिच्याखाली पाय जायचे पण डोकं मावेना. मग मी, माझी बायको मेधा आणि शेजारच्या तंबूतले दोन सज्जन अशा चौघांनी भर पावसात ट्रेलर ढकलून फिरवला. फिरला छान, पण दार कुंपणाला टेकलं. पुढचे दोन दिवस आम्ही खिडकीतून ये-जा केली.

मेधा हॉस्पिटलात डॉक्टर. या ट्रेलरने ड्राइव्ह अडवल्यामुळे ती ड्यूटीवरून दमून येऊन गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावायची आणि भिजत चालत यायची. वेल्सहून परतल्यावर तिने शांतपणे सांगितलं, "रविवारपर्यंत हे विक. नाहीतर सोमवारी मी याचं सरपण करते."

ती बोलते ते करते, म्हणून मी त्याच दिवशी जाहिरात टाकली. शनिवारी एक जोडपं आलं. बाईंनी विचारलं, पलंगाच्या वर होकायंत्र कशाला? मी प्रामाणिकपणे उत्तर, दक्षिण, पृथ्वी आणि रक्ताभिसरण असं सगळं अर्धा तास समजावलं. बाई "लव्हली" म्हणाल्या आणि निघाल्या. इथे "लव्हली" म्हणून गेलेलं माणूस परत येत नसतं.

"तू विकतोयस की प्रवचन देतोयस?" मेधाने विचारलं.

त्यामुळे रविवारी गॅरी नावाचा प्लंबर आला तेव्हा मी तोंडाला कुलूप घातलं. त्याने टायर दाबले, फ्लोअर ठोकून पाहिला, खाली सरपटत जाऊन चेसिस तपासली. प्रत्येक वेळी मान डोलवत होता. माझी छाती फुगत चालली. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणी जाणकार भेटला होता, खरंच भरून आलं मला.

"फर्स्ट क्लास," तो म्हणाला. "घेतो. आतलं तेवढं काढून देशील? मला पाइप न्यायचेत."

मी आतल्या पलंगाकडे बघितलं. मेधा तोवर टूलबॉक्स घेऊनसुद्धा आली.

आठ महिन्यांचं काम दीड तासात निघालं. गॅरी चहा पीत बघत होता. निघताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काम फार स्वच्छ आहे तुझं. माझ्याकडे जुनी किचन्स उखडायची कामं असतात. शनिवारी येशील?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात मेधा म्हणाली, "येईल की. शनिवारी रिकामाच असतो."

माझ्या हातच्या कामाचं आजवर एवढंच कौतुक झालंय. म्हणून जातो मी, दर शनिवारी.