तुळजारावकाकांच्या गाठी

तुळजारावकाकांच्या घरी स्टुलावर बसण्याआधी ते हलवून बघावं लागे. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लाकूड आणि काथ्याची दोरी हाती घेतली, आणि आमच्या तमिळ गावातल्या राजवाड्यामागच्या गल्लीची शांतता संपली. शेजारी म्हणून एक मांडणी माझ्याही वाट्याला आली. तिचा एक पाय दोन बोटं आखूड. मी पट्टी लावून दाखवलं.

"मापासाठी कसाला एवढा जीव टाकतोस रे? परवायिल्ले! दोरी सांभाळती."

परवायिल्ले म्हणजे तमिळमध्ये 'चालतंय'. काकांचं सगळंच चालत असे. उभं मात्र काही राहत नसे.

खिळ्याशी त्यांचं वैर. "खिळा म्हणजे आळशी माणसाची गाठ," असं ते म्हणत. स्वतः मात्र दोरी भिजवून गाठी मारत; वाळली की आवळते, हा त्यांचा शोध. काथ्या ओला असताना आखडतो आणि वाळला की सैल पडतो, हे विहिरीचं पाणी ओढलेला कोणीही सांगेल. काकांना कोण सांगणार?

हसून सोडून दिलं असतं, पण नवरात्रात काकी कोलू मांडत. पायऱ्यांवर बाहुल्या, संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका, हातावर चण्याचं सुंडल. सगळ्यात वर काकींच्या आईने लग्नात दिलेली लाकडी राजाराणीची जोडी. तिचे कपडे काकी दरवर्षी नव्याने शिवत. लोखंडी पायऱ्या आणा, एवढंच त्यांचं मागणं.

"घरात मी असताना?" काका विचारत आणि फळ्या बांधायला बसत.

बायका आल्या की काका त्यांना दारातच धरत. "मामी, ही गाठ बघा. एक खिळा नाही!" मामी गाठ बघत, मग डुगडुगणारी फळी बघत आणि दोन पावलं मागे सरत. बाहुल्या बघायच्या राहूनच जात.

एका पंचमीला दोऱ्या सैल पडल्या आणि पायऱ्या मधोमध बसल्या. मातीचे दशावतार फुटले. राजाराणी लाकडाची म्हणून वाचली. काकी खाली बसून तुकडे वेचत होत्या.

"बाहुल्याच जड, दोरी काय करील?" काका म्हणाले.

काकींनी तुकडे पदरात भरले. मी मात्र काकांना सुनावलं, दोष दोरीचाच. काकांनी माझ्याशी अबोला धरला, तेवढीच विश्रांती.

गेल्या वर्षी काका गेले. वर्ष सरेपर्यंत कोलू मांडायचा नव्हता. यंदा काकींनी मला बोलावलं.

"लोखंडी पायऱ्या आणून दे की रे. बोल्टवाल्या."

त्यांचे डोळे भरून येतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला आणि एकेक बोल्ट स्वतः आवळला.

पहिल्या संध्याकाळी काकींची सून हळदीकुंकू देत होती, काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोरच्या घरातली पंकजम मामी, इतकी वर्षं येणारी, थेट पायऱ्यांना खेटून उभी राहिली.

"अय्यो, ह्या राणीच्या चुण्या केवढ्या बारीक! कोणी शिवलं हे?"

"मी," काकी म्हणाल्या. "दरवर्षी मीच."